प्रतिसाद : कोळ्याच्या पाठीचाही फोटो घ्यावा
मोबाइल २-३ सेंटिमीटरवर नेला की उडी मारणारा कोळी पळतोच, म्हणून मोबाइलला क्लिपने लावायच्या मॅक्रो लेन्सचा (अगदी जवळून फोटो काढायच्या भिंगाचा) उपयोग नाही, हे या चर्चेत वर मांडलेले मत मला अर्धेच पटते. अंतर फार कमी राहते हे खरे; पण तो पळतो तो बहुधा अंगावर अचानक सावली पडल्यामुळे. मुंबईतल्या आरे परिसरातल्या झुडपांवर मी फोन उजेड न अडवता, बाजूने हळूहळू पुढे नेतो, तेव्हा तो उलट लेन्सकडे वळून बघत राहतो. उडी मारलीच, तरी त्याआधी त्याने पानाला रेशमाचा धागा चिकटवलेला असतो आणि पुष्कळदा त्याच धाग्यावरून तो परत वर येतो. तेवढा वेळ हात स्थिर ठेवावा.

या चर्चेतले सगळे फोटो कोळ्याच्या समोरच्या मोठ्या डोळ्यांचे आहेत. ते देखणे आहेतच, परंतु ओळख पटवण्यासाठी पाठीवरची नक्षी दाखवणारा, वरून घेतलेला फोटोही हवा. जातीची पक्की खात्री तर बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना पाहूनच होते. २०२१ मध्ये ठाणे आणि आरे परिसरातून अशाच कोळ्यांच्या दोन नव्या जाती नोंदवल्या गेल्या, त्यांतल्या एकीला २६/११ च्या हल्ल्यात हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ इसियस तुकारामी हे नाव दिलेले आहे.