‘फ्लुइड प्रॉपर्टी लायब्ररी लिंक करणे’ : मराठीत नेमके काय म्हणावे?

केळीबाग : रावेर-यावलकडच्या शीतगृहांत काम करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी मराठीत टिपणे लिहायची आहेत. विषय असा : ऊर्जा सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरला प्रशीतकाचे (यंत्रात फिरून थंडावा देणाऱ्या पदार्थाचे) गुणधर्म कूलप्रॉप किंवा रेफप्रॉप या गुणधर्मांचे आकडे काढून देणाऱ्या लायब्ररींमधून कसे पुरवायचे. पहिल्या मसुद्यात ‘द्रव गुणधर्म ग्रंथालय जोडणे’ असे आले आहे. ‘गुणधर्म’ सोडला तर बाकीचे तिन्ही शब्द खटकतात. जाणकारांनी सुचवावे.

तापीकाठ : आधी ‘द्रव’ काढा. अमोनिया बाष्पकात शिरतो तेव्हा द्रव आणि बाष्प यांचे मिश्रण असतो, बाहेर पडतो तेव्हा बाष्प, आणि कंडेन्सरमध्ये पुन्हा द्रव होतो. द्रव आणि वायू दोघांना सामावणारा शब्द परिभाषेत आधीच आहे : द्रायू. द्रायुयामिकी त्यावरूनच आली. तरी टिपणात मी सरळ ‘प्रशीतक’ लिहीन. आपल्याकडे ‘गॅस भरला’ म्हणतात, पण लिहिताना ‘गॅस’ घातक आहे. कारण एनर्जीप्लस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या संपृक्त (त्या दाबाच्या उकळबिंदूवरच्या अवस्थेच्या) तक्त्यात ‘फ्लुइड’ म्हणजे संपृक्त द्रव आणि ‘फ्लुइडगॅस’ म्हणजे संपृक्त बाष्प. म्हणजे त्या एका रकान्यात फ्लुइडला ‘द्रव’ हेच बरोबर, बाकी सगळीकडे चूक! हे टिपणात ठळक लिहा, नाहीतर दोन तक्ते हमखास उलटे भरले जातात.

सातपुडा : ‘जोडणे’बद्दल. इथे दोन वेगळ्या क्रिया एका शब्दात कोंबल्या आहेत.

एनर्जीप्लस प्रशीतकाचे गुणधर्म इनपुट फाइलमधल्या तक्त्यांतून घेतो. आधी प्रशीतकाचे नाव, मग तापमानांची यादी, मग संपृक्त तक्ते, मग अतितप्त (उकळबिंदूच्या वर तापलेल्या बाष्पाचे) तक्ते. कूलप्रॉपने आकडे काढायचे आणि तिथे लिहायचे. याला जोडणे म्हणू नका, ‘तक्ता भरणे’ म्हणा. कूलप्रॉप तापमान केल्विनमध्ये मागते, एनर्जीप्लसला सेल्सिअस हवे, म्हणून २७३.१५ चा फरक. दाब पास्कल आणि एन्थाल्पी (पदार्थातली उष्णता-ऊर्जा) ज्यूल प्रति किलो, हे दोन्हीकडे सारखे. यादीत जितकी तापमाने तितकेच आकडे प्रत्येक तक्त्यात हवेत. दोन आकड्यांमधली किंमत सरळ रेषेने काढली जाते, म्हणून कामाच्या पट्ट्यात, समजा −१० ते ५५ अंशांत, दर २ अंशाला ओळ द्या. अतितप्त तक्त्यात ज्या तापमानाला त्या दाबावर बाष्प अतितप्त नसतेच, तिथे ० लिहायचा. तो ० म्हणजे ‘इथे किंमत नाही’, एन्थाल्पी शून्य नव्हे.

दुसरी क्रिया मॉडेलिका किंवा ट्रान्सिस या सिम्युलेशनच्या साधनांमधली. तिथे सिम्युलेशन चालू असतानाच प्रोग्राम लायब्ररीला म्हणतो, हा दाब, हे तापमान, एन्थाल्पी सांग. याला मी ‘गुणधर्म विचारणे’ म्हणेन.

गिरणाथडी : हाऊ शब्द चांगला शे! ‘विचारणे’ म्हटले की बिघाडही नीट सांगता येतात. ३२-बिटच्या प्रोग्रामने ६४-बिटची डीएलएल (लायब्ररीची फाइल) विचारली तर ती लोडच होत नाही, दोन्ही एकाच बिटची हवी. रेफप्रॉपला द्रायूंच्या फायलींचे फोल्डर दाखवले नाही तर डीएलएल लोड होते, पण उत्तराऐवजी त्रुटीचा संदेश येतो. आणि रेफप्रॉपच्या जुन्या मूळ फंक्शनांत दाब किलोपास्कलमध्ये, एन्थाल्पी ज्यूल प्रति मोल. तिथे पास्कल दिले की दाब हजारपट धरला जातो. शिवाय १० मिनिटांच्या पायरीने वर्षाच्या ५२,५६० पायऱ्या होतात, आणि प्रत्येक पायरीत विचारणा अनेकदा. दाब आणि एन्थाल्पी देऊन तापमान विचारले तर लायब्ररीला आत पुन्हापुन्हा अंदाज घेत उत्तर शोधावे लागते. सिम्युलेशन रेंगाळते ते इथे.

केळीबाग : ‘विचारणे’ घेतो. ‘रेफरन्स स्टेट’ला, म्हणजे एन्थाल्पी जिथून मोजतात त्या अवस्थेला, ‘शून्यबिंदू’ चालेल का?

तापीकाठ : नाही चालणार, भाऊ. सगळ्यात जास्त घोळ याच शब्दात होतो. आयआयआर (आंतरराष्ट्रीय प्रशीतन संस्था) पद्धतीत ० अंशाच्या संपृक्त द्रवाची एन्थाल्पी २०० किलोज्यूल प्रति किलो धरतात, शून्य नव्हे. ॲशरे (अमेरिकी अभियंत्यांची संघटना) पद्धतीत −४० अंशाच्या संपृक्त द्रवाला ० धरतात. म्हणून ‘संदर्भ अवस्था’. विहिरीचे पाणी काठापासून मोजतात आणि हतनूर धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून. दोन्ही मापे खरी, पण एकातून दुसरे वजा करता येत नाही.

आर-१३४ए हे प्रशीतक घ्या, ० अंश. आयआयआरने द्रव २००, बाष्प ३९८.६. फरक १९८.६. ॲशरेने तोच द्रव ५१.८६. आता बाष्प लायब्ररीतून आयआयआरने आले आणि द्रव जुन्या ॲशरे तक्त्यातून राहिला, तर फरक ३४६.७४ दिसतो. १० किलोवॉट थंडाव्याला सेकंदाला ५० ग्रॅम प्रशीतक लागायला हवे, सॉफ्टवेअर २९ ग्रॅम दाखवते. त्रुटीचा संदेश येत नाही. आलेख गुळगुळीत, वार्षिक अहवाल देखणा आणि कंप्रेसर छोटा निवडलेला! म्हणून तक्ता भरल्यावर पहिली तपासणी हीच : ० अंशाला बाष्पातून द्रव वजा करा आणि सुप्त उष्णतेशी ताडा.

सातपुडा : ‘सॅच्युरेटेड’ला ‘संपृक्त’ ठीक, पण तो शब्द क्रांतिक तापमानापर्यंतच लागू (त्याच्या वर द्रव आणि बाष्प वेगळे राहत नाहीत). कार्बन डायऑक्साइडचे ते ३१ अंश. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हवेने थंड होणाऱ्या यंत्रात तो द्रवरूप होतच नाही. कंडेन्सरला तिथे ‘गॅस कूलर’ म्हणतात ते यासाठीच. त्या पट्ट्यासाठी संपृक्त तक्ता मागितला तर लायब्ररी त्रुटी देणारच. तो लायब्ररीचा दोष नाही, प्रश्न चुकीचा आहे.

गिरणाथडी : उरले ‘ग्रंथालय’. त्यात पुस्तके असतात. ‘लायब्ररी’च ठेवा, दादा, तंत्रज्ञांना डीएलएलसकट तोच शब्द पडद्यावर दिसणार आहे.

केळीबाग : मग शीर्षक असे करतो : ‘प्रशीतकाचे गुणधर्म : तक्ता भरणे आणि लायब्ररीला विचारणे’. संदर्भ अवस्थेची तपासणी पहिल्याच पानावर, आर-१३४एच्या आकड्यांसकट. अमोनियाचे आकडे त्याच पद्धतीने काढून खाली जोडतो.