शेव्हिंगचा कंटाळा आलाय, लेझर करून घ्यावं का? रंग सावळा आहे

निळीशाई:
मी गेली नऊ वर्षं पाय आणि काखा शेव्ह करतेय. आधी वॅक्सिंग करायचे पण त्यासाठी केस वाढू द्यावे लागायचे आणि ते मधले दोन-तीन आठवडे नकोसे व्हायचे, म्हणून रेझर हातात घेतला तो घेतलाच. आता त्रास असा आहे की आज शेव्ह केलं की उद्या संध्याकाळी पायावरून हात फिरवला तर खुंट टोचतात, काखेत बारीक पुटकुळ्या येतात, आणि मांडीच्या मागच्या बाजूला केस आतल्या आत वाढतात. परवा आरशात नीट बघितलं तर एक केस कातडीखाली वेटोळं घालून बसलेला चक्क दिसत होता, मी सुईने उकरून काढला आणि आता तिथे काळा डाग पडलाय जो जायचं नाव घेत नाही. डाग पडल्यापासून उघड्या पायांनी कुठे जायची लाजच वाटायला लागलीय मला.

माझा रंग सावळा, केस काळे आणि जाड. लेझरने कायमचे जातात का खरंच? सावळ्या कातडीला भाजतं असं ऐकलंय त्याची भीती वाटते. घरी वापरायचं मशीन मिळतं ते घेतलं तर? आणि एक विचारायचं राहिलं, हनुवटीवर ५-६ जाड केस येतात जे मी प्लकरने उपटते, एकदा शेव्ह केले होते आणि तेव्हापासूनच जाड झाले असं वाटतं, ते पण लेझरमध्येच उरकून घेऊ का?

पायवाट:
अगं मी केलंय, पाय आणि काखा दोन्ही, माझाही रंग सावळाच आहे. ८ सिटिंग झाली, सुरुवातीला दर सहा आठवड्यांनी, नंतर अंतर वाढवत गेले. जसं झालं तसं सांगते.

पहिल्या सिटिंगच्या आदल्या दिवशी घरूनच शेव्ह करून जायला सांगितलं होतं. मला वाटलं होतं की केस दिसले नाहीत तर लेझर करणार कशावर, पण वरचा केस राहिला तर तो बाहेरच जळतो आणि कातडीला चटका बसतो, उष्णता मुळाशी जायला हवी. गार जेल लावलं, डोळ्यांवर गॉगल, आणि मग प्रत्येक ठिकाणी रबर ताणून सोडल्यासारखी चपराक. पायावर सहन होतं, काखेत आणि घोट्याच्या हाडाजवळ मी दात आवळून बसले होते. जळलेल्या केसांचा वास येतो थोडा, त्याने घाबरू नकोस. घरी आले तेव्हा प्रत्येक केसाच्या मुळाशी लाल फुगीर ठिपका होता, रात्रीपर्यंत बसला.

आता खरी गंमत पुढे आहे. आठ-दहा दिवसांनी मला वाटलं केस परत आले, रडूच आलं. पण ते वाढत नव्हते, मेलेले केस कातडी बाहेर ढकलत होती, अंघोळीनंतर टॉवेलने पुसलं की पेन्सिलीच्या तुटक्या टोकांसारखे बारीक काळे तुकडे टॉवेलला चिकटून यायचे. तिसऱ्या आठवड्यात पाय असे गुळगुळीत झाले की मी सारखी हात फिरवून बघायचे.

पण कायमचे गेले का तर नाही. काखेतले जवळजवळ गेले, पायावर जे आहेत ते विरळ आणि मऊ आहेत, दोन महिन्यांतून एकदा रेझर फिरवते. आत वाढणारे केस मात्र पूर्ण थांबले आणि माझ्यासाठी तेवढ्यानेच सगळं वसूल झालं. मधल्या काळात वॅक्स, थ्रेडिंग, प्लकर काही म्हणजे काहीच करायचं नाही, कारण मूळ उपटलं की लेझरला धरायला काही उरत नाही. म्हणजे शेव्हिंग सोडायला म्हणून गेलीस तरी पहिलं वर्षभर रेझर हाच तुझा सोबती आहे हे डोक्यात पक्कं ठेव.

त्वचेचीवही:
मी स्किनचीच डॉक्टर आहे, तुम्हाला न बघता उपचार सांगणार नाही पण भाजण्याच्या भीतीबद्दल लिहिणं गरजेचं वाटतं, कारण ती भीती बिनबुडाची नाही आणि तरीही सावळ्या त्वचेवर लेझर नीट करता येतं.

केसातलं मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, लेझरचा प्रकाश शोषून घेतं, त्याची उष्णता होते आणि ती मुळाला इजा करते. एखाद्या रंगद्रव्याला नेमकं तापवून आजूबाजूचं वाचवायचं ही कल्पना अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडली. अडचण एवढीच की तेच मेलॅनिन कातडीच्या वरच्या थरातही असतं आणि आपल्यासारख्या सावळ्या लोकांत जास्त असतं, त्यामुळे चुकीचं मशीन किंवा चुकीचं सेटिंग असेल तर केसाच्या आधी कातडीच तापते. मग फोड, काळे डाग, कधी पांढरे डाग. म्हणून मशीन कोणत्या प्रकारचं आणि त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी किती ते विचारा. लेझरचे नेहमीचे प्रकार म्हणजे अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर, डायोड साधारण ८१०, एनडी याग १०६४. तरंगलांबी जितकी जास्त तितका प्रकाश खोल जातो आणि वरच्या थरात कमी अडकतो, म्हणून गडद त्वचेसाठी एनडी याग सगळ्यात सुरक्षित धरतात. डायोडही चालतो, पण कूलिंग चांगलं हवं आणि हाताळणारा जाणकार हवा. जिथे तुम्हाला मशीनचं नाव सांगत नाहीत किंवा आधी छोट्या जागेवर टेस्ट करत नाहीत तिथून उठून या, यात मी अजिबात नरमाईने बोलणार नाही.

घरची मशीन्स बहुतेक आयपीएल असतात, तो लेझर नव्हे, त्यात अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकत्र असतो आणि गडद रंगावर चटक्याचा धोका वाढतो. बऱ्याच मशीनच्या माहितीपत्रकात कोणत्या रंगाला चालत नाही ते चित्रासकट दिलेलं असतं, ते बघा.

कायमचे जातात का, तर औषधं आणि वैद्यकीय मशीनना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनेसुद्धा 'कायमस्वरूपी घट' असेच शब्द वापरलेत. एका वेळी सगळे केस वाढीच्या टप्प्यात नसतात आणि लेझर मुख्यतः वाढत्या केसांवरच काम करतं, म्हणून ६ ते ८ सिटिंग लागतात. पांढऱ्या केसांवर चालत नाही.

उन्हाने काळवंडलेल्या कातडीवर करू नका, आधी आणि नंतर सनस्क्रीन लावा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, गरोदर असाल, ओठावर हर्पिसचे फोड येत असतील तर आधी सांगा. तीळ आणि टॅटूवरून लेझर फिरवू द्यायचं नाही. आणि दुखतं म्हणून बधिर करणारी क्रीम घरून अख्ख्या पायाला फासून वर प्लास्टिक गुंडाळून जाऊ नका, ते औषध रक्तात जातं आणि जिवावर बेतू शकतं.

हनुवटीचं वेगळं बोलायला हवं. शेव्ह केल्याने केस जाड होत नाहीत, मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच तपासून दाखवलंय, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला जाड लागतं इतकंच. मग जाड केस का येताहेत याचं कारण शोधा. पाळी नियमित आहे का?

गळपट्टी:
पुरुषांच्या बाजूने लिहितो. माझे केस कुरळे, गळ्यावर दाढी केली की तिसऱ्या दिवशी फोडच फोड, शर्टाची कॉलर लागली तरी आग व्हायची. कुरळा केस धारेने तिरका कापला गेला की टोकदार होऊन परत कातडीत घुसतो. आधी दाढीची पद्धत बदलून बघितली, कोमट पाण्याने भिजवून, केसांच्या दिशेनेच, एकाच पात्याचा रेझर, न दाबता, आणि ५-७ वेळा वापरलं की पातं बदलायचं. याने निम्मा त्रास गेला, तेव्हा ताई तुम्ही लेझरपर्यंत थांबू नका, हे आजपासून करा, आणि सुई बाजूला ठेवा. उरलेल्या निम्म्यासाठी फक्त गळ्यावर लेझर केलं आणि माझा गळा खूप वर्षांनी शांत आहे.

दुपारचीउन्हं:
हनुवटीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. मी कसलीही तपासणी न करता पार्लरमध्ये हनुवटीचं लेझर करून घेतलं, होते मोजून दहा-बारा केस. चौथ्या सिटिंगनंतर जबड्याच्या कडेला जिथे नुसती लव होती तिथे काळे केस दिसायला लागले. नंतर स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं की चेहऱ्यावर आणि मानेवर असं उलटं होऊ शकतं, लेझरने लव चाळवली जाते. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी केल्यावर पीसीओएस निघालं, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते आणि चेहऱ्यावर जाड केस येतात तो त्रास. औषधं सुरू झाल्यावर आणि मग योग्य ठिकाणी पुन्हा उपचार केल्यावर आटोक्यात आलंय, पण वर्षातून दोनदा जावंच लागतं. मधली दोन वर्षं मी मान खाली घालून वावरले. तुझे ५-६च केस आहेत तर इलेक्ट्रोलिसिसबद्दल विचार, त्यात सुई एकेका केसाच्या मुळात जाते, वेळखाऊ आहे पण थोड्या केसांना बरं पडतं आणि केसाच्या रंगाशी त्याला देणंघेणं नाही.

निळीशाई:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. डॉक्टर, पाळी नियमित नाहीये, कधी ४५ दिवस तर कधी दोन महिने, आणि मी ते टेन्शनमुळे असेल म्हणून सोडून देत होते. वजनही वाढलंय. हे दोन्ही एकत्र जोडून कधी बघितलंच नव्हतं.

हनुवटीला सध्या हात लावत नाही, शनिवारी स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतलीय. पाय आणि काखांसाठी दोन ठिकाणी फोन केला, एकीकडे मशीन कोणतं विचारल्यावर "इंपोर्टेड आहे" एवढंच म्हणाले, दुसरीकडे एनडी याग आहे आणि आधी टेस्ट करू, १५ दिवस कातडी बघू मग ठरवू असं सांगितलं, तिथे नाव नोंदवलं. काल नवीन पातं लावून केसांच्या दिशेने शेव्ह केलं, आज काखेत पुटकुळ्या कमी आहेत.

पायवाट, एकच सांग, टेस्ट कुठे केली होती तुझी? मला मांडीच्या मागे त्या डागाच्या बाजूला करा म्हणावंसं वाटतंय, पण तिथे चालेल का?

पायवाट:
डागाच्या अगदी जवळ नको गं, तिथे काही झालं तर जुना डाग कुठला आणि नवीन कुठला कळणार नाही. माझी पोटरीच्या आतल्या बाजूला केली होती, नाण्याएवढ्या जागेत, आणि त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता.