शेजाऱ्यांचं कुंपण ६ मीटर झालंय. कौन्सिलकडे तक्रार करावी का?

परसबागी (लेस्टर)
पश्चिमेच्या हद्दीवर शेजारच्या आजोबांचे लेलँडिआय आहेत, म्हणजे कुंपणासाठी लावतात ती भराभर वाढणारी, बारमाही हिरवी झाडं. घर घेतलं तेव्हा माझ्या खांद्याला होते, आठ वर्षांत ६ मीटर झाले. दुपारी दोननंतर परसात ऊन नाही, मेथी नुसतीच लांबुडकी आणि फिकट येते. दोनदा सांगितलं. ते "बघतो" म्हणतात आणि चहा पाजतात. इंग्लंडमध्ये २००५ पासून २ मीटरच्या वरच्या अशा झाडांच्या कुंपणाची तक्रार कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, करता येते. शुल्क काही शे पौंड, तेही तक्रार करणाऱ्यानेच भरायचं. मी म्हणतो, भरावं आणि मोकळं व्हावं. बायको नको म्हणते.

बांधावरचा
वहिनींचं ऐका. गावी वीतभर बांधापायी आमच्या दोन पिढ्या तारखांना गेल्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

नियमावर_बोट
कौन्सिल म्हणजे कोर्ट नव्हे, त्यामुळे ती म्हण इथे चालत नाही. पण परसबागी, २ मीटर ही तक्रार करता येण्याची अट आहे, उंचीची मर्यादा नाही. बारमाही हिरवी राहणारी किमान दोन झाडं ओळीने प्रकाश अडवत असली पाहिजेत. मग अधिकारी बागेची लांबी, दिशा, उतार बघून योग्य उंची काढतो. ती ४ मीटरही निघेल. झाडं काढायला लावता येत नाहीत, २ मीटरच्या खालीही आणता येत नाहीत. आणि आधी आपसात मिटवायचा प्रयत्न केला नसेल तर तक्रार घेतच नाहीत. चहाची पावती मिळत नाही, तेव्हा तारीख टाकून पत्र लिहा.

एडिनबराची_सून
आम्ही कुंपणवाले, म्हणून दुसरी बाजू सांगते. शेजारच्या वरच्या खिडकीतून आमचं स्वयंपाकघर दिसायचं, म्हणून झाडं लावली. आडोसा हवा असणं हा गुन्हा आहे का? लेलँडिआय जुन्या लाकडावर पुन्हा फुटत नाही. फार आत छाटलं की तपकिरी खराटा उरतो, तो दोन्ही घरांनी बघायचा. इकडचा, स्कॉटलंडचा, २०१३ चा कायदा तर आणखी कडक, पानगळीची झाडंही त्यात येतात.

नियमावर_बोट
म्हणून तर दरवर्षी छाटायचं असतं, ताई. वर्षाला मीटरभर वाढणारं झाड लावायचं आणि कात्री विसरायची, हे कसं चालेल?

बांधावरचा
त्या शुल्काच्या पैशात छाटणीवाला येईल. निम्मे तुम्ही घाला, निम्मे आजोबा. फक्त मार्च ते ऑगस्ट टाळा, पक्ष्यांची घरटी असतात.

परसबागी
पत्र लिहितो. पण निम्मे पैसे मी का घालू? झाडं त्यांची, कचरा माझ्या पन्हळीत.

बांधावरचा
मग चहा बंद समजा.