आईची धाप दम्याची की हृदयाची? आधी कुठे दाखवू?

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यातले. आईचं वय 63. दोन वर्षं तिला धाप लागते. घर वर, आगर खाली. मधली पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, ती माडाची झाप ओढत एका दमात चढायची. आता गडग्याला हात टेकून तीनदा थांबते. विचारलं की म्हणते, 'वय झालं गो.' मला पटत नाही. तिच्याहून मोठ्या काकी अजून न थांबता चढतात.

जन्म चुलीपुढे गेला. गॅस आला तरी न्हाणीची चूल नारळाच्या सोडणांवर आणि पातेऱ्यावर (वाळल्या पानांवर) रोज पेटते. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून दमा सांगितला, पंप दिला. त्याने फारसा फरक नाही. फुंकून करायची तपासणी झालेली नाही, एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही नाही.

गणपतीत मी तिच्या शेजारी झोपले होते. रात्री दोनला ती दचकून उठली आणि खिडकीचे गज धरून श्वास घेत राहिली. पंधरा मिनिटांनी शांत झाली. उशाला तीन उशा होत्या. सकाळी घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन बसून 95, पाखाडी चढल्यावर 89. हिमोग्लोबिन 10.8.

आधी छातीचे डॉक्टर की हृदयाचे? डेरवणला वालावलकर रुग्णालयात न्यावं की भावाकडे मुंबईला? मुंबईचं नाव काढलं की ती रडते, 'मला परत आणणार नाही तुम्ही.'

प्रतिसाद
ताई, मी डॉक्टर आहे, पण न तपासता निदान सांगणार नाही. आडवं झाल्यावर धाप, रात्री गुदमरून जाग, पायाला सूज: हे तीन एकत्र असतील तर आधी हृदय बघायचं. ईसीजी, छातीचा नवा एक्स-रे, एको, आणि जमल्यास रक्तातली एनटी-प्रोबीएनपी, ती हृदयावरचा ताण दाखवते. एकोत पंपिंग नॉर्मल आलं तरी हृदय ताठर असू शकतं, तेव्हा 'रिपोर्ट चांगला' ऐकून थांबू नका. चुलीच्या धुराने फुप्फुसंही बिघडतात, दोन्ही एकाच माणसात असू शकतं. म्हणून स्पायरोमेट्री, म्हणजे ती फुंकून करायची तपासणी करा, ती पंपाआधी आणि पंपानंतर अशी दोनदा करतात. सकाळचा पंप घ्यायचा की नाही ते आधी विचारून घ्या. हिमोग्लोबिन 10.8 ने थकवा वाढेल, पण एवढी धाप त्याच्या माथी मारू नका. आणि लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, ते विचारा. त्या तापाने हृदयाची झडप आकसू शकते आणि ते पुढे कित्येक वर्षांनी कळतं.

बसल्या जागी धाप, ओठ निळे किंवा छातीत दुखलं तर वाट बघू नका, 108.

प्रतिसाद
माझ्या वडिलांचं उलट निघालं, हृदय ठीक, फुप्फुसं धुराने गेलेली. न्हाणीची चूल आजच बंद करा. पाणी गॅसवर तापवा.

धागाकर्ती
मावशीला फोन केला. आई बाराव्या वर्षी महिनाभर अंथरुणाला होती, गुडघे सुजून चालता येत नव्हतं. दोन वर्षांत हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. गुरुवारी डेरवणला जातोय, आधी एको. संध्याकाळी परत घरी आणायचं, असं तिला सांगितलंय. ती आत्ता पिशवीत जुने कागद भरतेय.