सुरीच्या पात्याचे उतार दोन्हीकडे सारखे येत नाहीत?
ग्राइंडरवर घासताना तुमचा डावा उतार, म्हणजे धारेकडे निमुळती होत जाणारी बाजू, नेहमी वर चढतो म्हणताय, तर आधी जिथे धार येणार त्या कडेवर मध्यरेषा आखा. ४ मिलिमीटरच्या पात्याला ४ मिलिमीटरचंच ड्रिल बिट घ्या, दोन्ही सपाट फरशीवर आडवे ठेवा आणि बिटाच्या टोकाने कडेवर ओरखडा काढा. पातं उलटून पुन्हा एकदा. त्या दोन ओरखड्यांपर्यंतच घासायचं. कोपरं अंगाला चिकटवा आणि हातांऐवजी कंबरेतून सरका. माझा हात यानेच बसला.

पाणी देण्याआधी, म्हणजे पातं तापवून बुडवून कडक करण्याआधी, कडेला अर्धा मिलिमीटर तरी जाडी राखा, नाहीतर पातं वाकतं. पाणी दिल्यानंतर घासताना मात्र पातं उघड्या बोटांनी धरा, चटका जाणवला की लगेच पाण्याच्या बादलीत बुडवा. धार निळी पडली तर तिथलं पाणी उतरलंच, म्हणजे कडकपणा गेलाच समजा. आणि घासताना उडणाऱ्या धुळीसाठी मास्क विसरू नका, अगदी कळकळीने सांगतोय.