मदत हवी आहे: मेंढीला गिड (मेंदूत जंताची गाठ होण्याचा रोग) झाला आहे, शस्त्रक्रिया आणि कुत्र्यांच्या जंतांविषयी

नमस्कार. म्हसळा तालुक्यातील आमच्या खाडीकाठच्या गावी भातकापणी झाली की घाटावरचे धनगर कळप घेऊन उतरतात आणि आम्ही खाचरांत मेंढ्या बसवतो. गेल्या फाल्गुनात परत जाताना त्यांनी एक लंगडे कोकरू माझ्या आईकडे ठेवले. ते आता वर्षाची मेंढी झाले आहे. पंधरा दिवसांपासून ती मान डावीकडे कलती ठेवून डावीकडेच गोल फिरते आणि फिरता फिरता गोठ्याच्या कुडाला कपाळ टेकवून तशीच उभी राहते. उजव्या डोळ्यासमोर हात नेला तरी पापणी लवत नाही. काल डोक्यावरून अंगठा फिरवताना डाव्या बाजूला कवटीचे हाड पातळ पत्र्यासारखे दबले.

डॉक्टरांना आधी नाकातील किड्यांचा संशय होता. परंतु तिला शिंका नाहीत, नाकही वाहत नाही, त्यामुळे आता ते गिडच म्हणतात. कुत्र्याच्या आतड्यातील पट्टकृमीची अंडी विष्ठेतून गवतावर येतात, ती मेंढीच्या पोटात गेली की अळी रक्तावाटे मेंदूत पोचते आणि सहा-आठ महिन्यांत तिथे पाण्याने भरलेली गाठ वाढते, असे त्यांनी समजावले. ते ऐकल्यापासून मला चैन नाही, कारण गेल्या पौषात आमचे एक करडू असेच फिरत फिरत मेले होते आणि त्याची मुंडी आम्ही उकिरड्यापलीकडे टाकली होती. ती आमच्या आणि शेजारच्या कुत्र्यांनी फोडून खाल्ली. अशी मुंडी खाल्लेल्या कुत्र्याच्या विष्ठेतून साधारण दीड-दोन महिन्यांनी पुन्हा अंडी पडू लागतात, आणि कोकरू तर फाल्गुनापासून त्याच अंगणात चरत होते.

कवटीला छिद्र पाडून गाठ काढतात, असे कळले. शिरवळच्या किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कोणी अशी शस्त्रक्रिया करून घेतली आहे का, आणि नंतर जनावर नीट चरू लागले का? शिरवळला जायचे तर वरंध घाट आहे. तोल जाणारी मेंढी टेम्पोत कशी बांधावी, की तो प्रवास तिला सोसणारच नाही?

कुत्र्यांसाठी डॉक्टरांनी किलोमागे ५ मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल सांगितले आहे. आमच्या १८ किलोच्या कुत्र्याला ९० मिलिग्रॅम देऊन मी त्याला दोन दिवस बांधून ठेवले आणि त्याची विष्ठा खोल पुरली, कारण औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. पण वाडीतील मोकाट कुत्र्यांना हे औषध कशातून दिले तर ती खातात, आणि दर सहा आठवड्यांनी देणे कोणाला जमले आहे का? देवीच्या राखणीच्या बकऱ्याची मुंडीही यापुढे कच्ची टाकू नये, हे गावकीला मी सांगणार आहे.

येत्या आठ दिवसांत धनगरांचा वाडा आमच्या खाचरात उतरेल. कळपाची राखण त्यांच्या कुत्र्यांवरच असते, आणि चूक आमच्या उकिरड्यावर झालेली असताना त्यांना दोष दिल्यासारखे वाटू नये, ही माझी काळजी आहे. त्यांच्या कुत्र्यांच्या औषधाचा खर्च मी करीन; हा विषय त्यांच्याकडे कसा काढावा, हे धनगरांबरोबर वावरलेल्या कोणी कृपया सांगावे.