मदत हवी आहे : फोटोशॉपमध्ये दिव्यांच्या ठिपक्यांना चांदणीचा आकार

आकाशकंदिलाच्या छायाचित्रात मागच्या विजेच्या माळेचे धूसर ठिपके मला पाच टोकांच्या चांदणीच्या आकाराचे करायचे आहेत. फोटो काढतानाच लेन्ससमोर चांदणीच्या आकाराचे छिद्र कापलेला काळा पुठ्ठा धरायला हवा होता, पण आता पुन्हा फोटो काढणे शक्य नाही. फोटोशॉपच्या लेन्स ब्लर या धूसर करणाऱ्या फिल्टरच्या आयरिस शेपमध्ये (ठिपक्यांचा आकार ठरवणारा पर्याय) त्रिकोणापासून अष्टकोनापर्यंतचेच आकार मिळतात. त्यातलाच थ्रेशोल्ड (किती तेजापासून पुढचे भाग उजळायचे ती मर्यादा) २५५ वरून २४० वर आणल्यावर दिवे फुलले खरे, पण मागची चुन्याची भिंतही पेटल्यासारखी दिसू लागली, म्हणून दिवे काळ्या पार्श्वभूमीच्या वेगळ्या लेयरवर घेऊन तो स्क्रीन मोडमध्ये (यात काळा भाग दिसत नाही) ठेवला आणि भिंतीचा प्रश्न सुटला. चांदणीचा ब्रश स्कॅटरिंगसह (ठसे विखरून उमटवणारी सोय) वापरला, परंतु सगळ्या चांदण्या एकाच तेजाच्या, चिकटवलेल्या टिकल्यांसारख्या वाटतात. फाइल जेपीईजी आहे, विकतचे प्लगइन नको आहे. प्रत्येक चांदणीने खालच्या दिव्याचाच रंग आणि तेज घ्यावे, यासाठी काय करावे?